सार्डिनियाच्या डोंगरातल्या शेवया

जहाजाच्या कठड्याशी उभी होते, तेव्हा बेट दिसायच्या आधी त्याचा वास आला. ओव्यासारखा, जरा कडवट, तापलेल्या झुडपांचा वास. समोर अजून नुसतं राखाडी पाणी होतं आणि पूर्वेला नुकतं उजाडत होतं. माझी मुलगी सुजाता शेजारी होती. ती म्हणाली, हा सार्डिनियाचा वास, वारा तिकडून असला की किनाऱ्याच्या आधी येऊन पोचतो. मग तिनं डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. तो श्वास माझ्या ओळखीचा होता. नोकरीच्या पहिल्या वर्षांत सुट्टीला लासूर स्टेशनला गाडीतून उतरले की मी असाच श्वास घ्यायची. आपल्या गावी पोचल्यावर माणूस घेतो तो. आणि मी तर तिला परत न्यायला आले होते.

मी गंगापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं आणि आता निवृत्त आहे. आमचं घर छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाण्याच्या बाजूला. सुजाताचे बाबा तिथल्याच एका कारखान्यात होते. सुजाता आमची एकुलती एक. अन्नतंत्रज्ञान शिकली, शिष्यवृत्ती मिळवून इटलीला गेली, तिथं दूध आणि चीज हा विषय घेतला. दोन वर्षांत येते म्हणाली होती. मग सार्डिनिया बेटावरच्या डोंगरातल्या एका छोट्या चीज कारखान्यात एक वर्ष काम करते म्हणाली. त्या एका वर्षाची तीन झाली. यंदा जानेवारीत तिचा फोन आला की नोकरी कायम झाली. हे ऐकून तिच्या बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

त्यांनी इकडं एका डेअरीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना लांबचा प्रवास जमणार नव्हता, म्हणून एप्रिलच्या शेवटी मी एकटी निघाले. चिकलठाणा विमानतळाच्या दारात ते एवढंच म्हणाले, "घेऊनच ये तिला."

रोमच्या विमानतळावर पहिली फजिती झाली. माझ्या पेटीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि घरी केलेला येसर (भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा आमटीला लावायचा कूट) होता. तपासणीच्या माणसानं येसराची पुडी उघडून नाकाशी नेली आणि लागोपाठ शिंकत सुटला. त्याचे सहकारी हसायला लागले. मी रुमाल पुढं केला. त्यानं पुडी नीट बांधून परत दिली आणि हातानंच जा म्हणून सांगितलं. बाहेर सुजाता उभी होती. केस कापलेले, हात रापलेले, चेहरा भरलेला. मी तिला जवळ घेतलं तर तिच्या अंगाला दुधाचा वास येत होता, लहानपणी यायचा तसा, पण थोडा आंबूस.

रात्रीच्या जहाजानं बेटावर पोचून बंदरातून बसनं आम्ही आत निघालो. दोन तास रस्ता नुसता चढत होता. दोन्ही बाजूंना बुचाची झाडं. त्यांची साल काढून घेतात, त्यामुळे कमरेपासून खाली खोडं तांबडीलाल, उघडीवाघडी दिसत होती. दगड रचून केलेले बांध, त्यामागं मेंढ्या, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा. अधूनमधून माळावर काळ्या दगडांचे मोडके बुरूज. ते नेमके कशासाठी बांधले, हे अजून नक्की कळलेलं नाही, असं सुजाता म्हणाली. तिला प्रत्येक वळण माहीत होतं. ड्रायव्हरनं तिला नावानं हाक मारली. तिथं इंग्रजी ‘जे’ अक्षर ‘य’ असं वाचतात, त्यामुळे ती ‘सुयाता’ झाली होती. माझ्या मुलीचं एक नाव असं होतं जे मी कधी घेतलं नव्हतं.

गाव डोंगराच्या कुशीत, राखाडी दगडांच्या घरांचं. सुजाता ज्यांच्याकडं राहते त्या बाईंचं नाव बोनारिया. वय ऐंशीच्या घरात. अंगात काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल. सगळा गाव त्यांना ‘त्सिया’ (मावशी) म्हणतो. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, पालथे करून पाहिले, उताणे करून पाहिले आणि सुजाताला काहीतरी म्हणाल्या. ती हसली, पण मला अर्थ सांगितला नाही.

पहिल्याच जेवणाला माझ्यापुढं पापडासारखा काहीतरी मोठा गोल ठेवला. ती भाकरी होती. पाने काराझाऊ (मेंढपाळांची कोरडी भाकरी) म्हणतात तिला. भट्टीत टाकली की फुग्यासारखी फुगते, मग सुरीनं तिचे दोन पापुद्रे वेगळे करायचे आणि पुन्हा भाजायचे. मेंढपाळ महिनोन्‌महिने डोंगरात राहायचे, तेव्हा ही त्यांच्या झोळीत असायची. मोडली की आवाज होतो. तिच्यावर ऑलिव्हचं तेल, जरा मीठ आणि सोबत मेंढीच्या दुधाचं चीज, पेकोरिनो. हे चीज सुजातानं स्वतः केलेलं होतं. ते तिखट नव्हतं तरी जिभेला चावलं. मी दुसरा तुकडा घेतला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते दहावीच्या निकालालाही नव्हतं. मी मान खाली घालून खात राहिले. बाबांचा निरोप सांगायचा विचार मनात होता, पण म्हटलं, आज नको.

उद्या सांगू, परवा सांगू, असे पाच दिवस गेले. सकाळी सातला ती कारखान्यात जायची, दुपारी यायची. संध्याकाळी मेंढरं उतरायची वेळ झाली की आम्ही दोघी गावाच्या टोकाला जाऊन बसायचो. तिथून खालची अख्खी दरी दिसते. ती मला डोंगरांची नावं सांगायची. मी ऐकायची आणि मनात आमच्या घरातली तिची खोली यायची, तिच्या बाबांनी रंग देऊन ठेवलेली.

रविवारी शेजारच्या त्सिउ (काका) बास्त्यानुंनी आम्हाला त्यांच्या तळघरात नेलं. इथं घरोघरी वाइन करतात. वाइनशिवाय पाहुण्याला तळघरातून जाऊ द्यायचं नाही अशी रीत. आत गार अंधार, भिंतीला लागून लाकडी पिंपं, आंबलेल्या फळांचा वास. त्यांनी पिंपाची तोटी सोडून छोट्या पेल्यांत गडद लाल वाइन ओतली. कान्नोनाऊ तिचं नाव, त्याच नावाच्या द्राक्षांची. आजोबांपासूनचे वेल आहेत, डोंगरउतारावर, पाणी न देता वाढलेले, असं ते सांगत होते. पेला त्यांनी माझ्यापुढं धरला.

आमच्या घरात पंचशील आहे, हे एक झालं. दुसरं असं की माझे वडील लासूरच्या बाजारात हमाल होते आणि दारूनं ते चाळिशीत गेले. तो वास आला की आजही माझे खांदे आखडतात. मी हात जोडून नाही म्हटलं. त्याच वेळी शेजारी पाहिलं तर सुजातानं पेला घेतला होता. उजेडात धरून रंग पाहिला, वास घेतला आणि एक घोट घेतला. सवयीचा. मी भिंतीकडं बघायला लागले.

त्सिउ बास्त्यानुंनी हे सगळं पाहिलं असावं. ते रागावले नाहीत. माझा पेला बाजूला ठेवून जिना चढून वर गेले आणि एक बाटली आणि चमचा घेऊन आले. चमच्यात काळपट दाट पाक ओतला. साबा म्हणतात त्याला. द्राक्षांचा ताजा रस आंबायच्या आत कढवून, आटवून करतात. म्हणजे द्राक्षांची काकवीच. गंगापूरच्या गुऱ्हाळावर पोरं बोटानं चाटायची तशी, फक्त जरा आंबट. ते म्हणाले, ही त्याच वेलांची आहे, माझी आईसुद्धा वाइन पीत नव्हती. मी चमचा चाटून पुसून परत दिला. त्या माणसानं माझा मान ठेवला होता.

घरी येताना मी सुजाताला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "इथं आल्यापासून. जेवताना एवढासा पेला. आजोबांसारखं नाय ते, आई." मला माहीत आहे, असं मी म्हणाले. खरंच पटलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवारपासून सुजातानं रजा घेतली होती. त्या सकाळी उठले तर स्वयंपाकघरात पीठ मळल्याचा आवाज. त्सिया आणि सुजाता टेबलाशी उभ्या होत्या. थोड्या दिवसांनी डोंगरातल्या एका देवळाची जत्रा होती. लोक तिथं चालत जातात आणि पोचलेल्या प्रत्येकाला मेंढीच्या मटणाचा रस्सा देतात. त्या रश्शात घालायला एक खास शेवई लागते, सु फिलिन्देउ (देवाचे धागे). ती करणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. या गावात त्सिया एकट्याच.

खपली गव्हासारख्या कडक गव्हाचा रवा, पाणी आणि मीठ, बस. त्सियांनी पिठाचा गोळा अर्धा तास तिंबला. शेजारी दोन वाट्या, एक साध्या पाण्याची, एक मिठाच्या. पीठ ताणेनासं झालं की मिठाच्या पाण्यात बोटं बुडवायची, कोरडं पडलं की साध्या. कधी कुठलं, हे त्या बोटांनाच विचारत होत्या. मग गोळ्याची लांब वळी केली, दोन्ही हातांत धरून ताणली, दुमडली, पुन्हा ताणली. दोन धागे, चार, आठ, सोळा. दुसरीच्या वर्गाला शिकवावं तशी मी मनात मोजत गेले. आठव्या दुमडीला दोनशे छप्पन्न झाले. केसापेक्षा बारीक. फुंदू नावाची गवताची विणलेली मोठी गोल ताटली असते, तिच्यावर त्यांनी ते धागे आडवे पसरले, वर तिरपे, त्यावर पुन्हा तिरपे. जाळीदार कापड विणावं तसं. वाळलं की मोडून रश्शात टाकायचं.

दुसरा गोळा सुजातानं घेतला. मी बघत राहिले. तिचे खांदे सैल होते, कोपरं अंगाशी, मान जराशी डावीकडं कललेली. माझी आई अशीच मान कलती करायची. पाटावर बसून ती हातावर शेवया ओढायची आणि काठ्यांवर वाळत घालायची. लासूरला व्यापाऱ्यांच्या घरी उन्हाळ्यात तिला बोलावणं असायचं. ती अंगणात बसायची, उंबऱ्याच्या आत नाही. त्या शेवया आत जायच्या. मी लहानपणी काठ्या धरून तिच्याजवळ उभी असायची आणि मोठी झाल्यावर ठरवलं होतं की माझी पोरगी कुणाचं पीठ मळणार नाही.

सुजाताचे धागे सातव्या दुमडीपर्यंत टिकले. त्सियांनी मान डोलावली आणि काहीतरी म्हणाल्या. सुजाता जरा लाजत म्हणाली, "त्या म्हणतात, माझ्या मुलीला हे जमलं नाही, हिला जमतंय. पहिल्या दिवशी तुझे हात पाहिले ना, तेव्हा म्हणाल्या होत्या, की हिचे हात कुठून आलेत ते कळलं."

त्या दुपारी मी निरोप सांगितला. सुजातानं मला तिचा कारखाना दाखवला होता आणि आम्ही तिथून परत येत होतो. बाबांनी डेअरीत जागा बघितली आहे, खोली तयार आहे, त्यांचा गुडघा, माझं वय, सगळं एका दमात सांगून टाकलं. सुजाता म्हणाली, "मी नाय येत, आई. आत्ता तरी नाय."

मग मला जे म्हणायचं नव्हतं ते म्हणून गेले. म्हटलं, माझ्या आईनं लोकांच्या अंगणात बसून शेवया केल्या, तेच करायला तुला एवढं शिकवलं का?

आम्ही घराच्या दारात पोचलो होतो. त्सिया बाहेर खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. सुजाता थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "मी दहा वर्षांची होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीजवळ पाटावर बसले होते. तू आली, मला उठवलं आणि नळाखाली माझे हात धुतले. साबण लावून. आजी बघत होती. आठवतं तुला?"

मला आठवत होतं. आई नळाकडं बघत होती, तेही आठवत होतं. पुढच्या वर्षी ती गेली.

"इथं मला कुणी अंगणात बसवत नाय," सुजाता म्हणाली आणि आत गेली. मी तिथंच पायरीवर बसले. त्सियांना आमचं अक्षरही कळलं नसेल. त्यांनी शेंगांची टोपली आम्हा दोघींच्या मध्ये ठेवली. अंधार पडेपर्यंत आम्ही शेंगा सोलल्या.

सकाळी खाली आले तर टेबलावर फुंदू पांढऱ्या कापडात गुंडाळून सुतळीनं बांधून ठेवला होता. शेजारी रव्याची पिशवी. त्सिया ताठ बसल्या होत्या. सुजाता समोर उभी होती आणि तिचे डोळे वाहत होते. त्सिया बराच वेळ बोलल्या. काय म्हणतायत ते सांग, असं मी दोनदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना वाटतंय मी तुझ्याबरोबर चालले. म्हणतायत, आईचं ऐक. तिकडचं पीठ वेगळं असेल, मीठ बघून घाल. महिन्यातून एकदा तरी कर, नाहीतर बोटं विसरतील."

त्सियांची मुलगी इटलीच्या उत्तरेला तोरिनोला कारखान्यात कामाला गेली, त्याला तीस वर्षं झाली. ती गेली त्या दिवशी त्सिया रागानं मळ्यात जाऊन बसल्या होत्या, तिला निरोपही दिला नव्हता. हे मला सुजातानं नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की या बाईकडं शिकायला आलेली एकच पोरगी आहे आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तिचं सामान बांधलंय. मला माझ्या आईचा चेहरा दिसला, नळाकडं बघणारा.

मी सुतळीची गाठ सोडली. कापडाची घडी घालून ठेवली. भिंतीवर फुंदूचा खिळा होता, त्याला तो अडकवला. माझा हात पुरेना, तर टाचा उंचावून अडकवला.

"राहू द्या," मी त्सियांना म्हणाले, मराठीतच. "शिकवा तिला. तिच्या आजीकडून शिकायचं राहिलंय."

त्यांनी सुजाताकडं पाहिलं. सुजाता भाषांतर करू शकली नाही, पण त्यांना कळलं. त्या उठल्या, परातीत रवा ओतला आणि मला बाह्या वर करायची खूण केली.

उरलेले तीन दिवस मी त्या टेबलाशी उभी होते. माझे धागे सहाव्या दुमडीला तुटायचे. बत्तीसच्या पुढं मी गेलेच नाही. एकदा त्सियांनी मागून माझी मनगटं धरून ताण किती द्यायचा ते दाखवलं. सुजाता बाजूला उभी राहून बघत होती. साठाव्या वर्षी मी माझ्या मुलीसमोर माझ्या आईचं काम शिकत होते आणि मला ते येत नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्सियांनी मेंढीच्या मटणाचा रस्सा केला, त्यात ते धागे आणि मूठभर आंबट ताजं चीज. धागे रश्शात विरघळत नाहीत, पण दातांना लागतही नाहीत. मागून सेआदास आले, आत चीज भरून तळलेले पुरणपोळीएवढे गोल, वर कडवट मध. रस्सा मला जरा सपक लागला. मी विचारून माझ्या वाडग्यात चिमूटभर येसर टाकला. त्सियांनी लगेच त्यांचा वाडगा पुढं केला. एक घोट घेतला आणि वाडगा पुन्हा पुढं केला. पुडी मी तिथंच ठेवून आले. सुजातानं जेवताना पेला भरला तेव्हा मी भिंतीकडं बघितलं नाही.

बंदरावर ती मला सोडायला आली. दिवाळीच्या सुमारास मेंढ्या आटलेल्या असतात, तेव्हा महिनाभर येते, असं ती म्हणाली. मी तिचे हात हातात घेतले. चेहऱ्याकडं नंतर बघितलं. जहाज सुटल्यावर ती धक्क्यावर बराच वेळ उभी होती. बेट दिसेनासं झालं तरी मी कठडा सोडला नाही.

चिकलठाण्याला विमानातून उतरले तेव्हा बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. सुजाताचे बाबा काठी टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग माझ्या मागं पाहिलं. मागून येणारी शेवटची माणसं बाहेर पडेपर्यंत ते बघत राहिले. मग माझ्या हातातली पिशवी घेतली. रिक्षा जालना रोडला लागल्यावर त्यांनी विचारलं, "तिथं तिला जेवायला कोण वाढतं?"

"एक म्हातारी आहे," मी म्हणाले. "आणि कधी कधी तीच म्हातारीला वाढते."

त्यावर त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर हळूहळू मी त्यांना सगळं सांगितलं. नळाची गोष्टसुद्धा सांगितली. ती त्यांना माहीत नव्हती.

लोक विचारतात, पोरगी इतकी लांब, जीव कसा रमतो? जीव रमत नाहीच. जाऊन आल्यापासून तर जास्तच ओढ लागते. आधी ती नुसती ‘इटलीत’ होती, नकाशात बोट ठेवण्यापुरती. आता मला ठाऊक आहे की ती कुठल्या खिडकीपाशी झोपते, कुठल्या वळणावर बसवाला तिला हाक मारतो, मेंढरं उतरताना दरीत कसा आवाज होतो. ज्या जागा आपण पाहिलेल्या असतात, त्यांची हुरहुर वेगळी असते. आपल्याला नेमकं कुठं दुखतं ते कळतं.

सकाळी साडेनऊच्या सुमारास माझी धुणीभांडी आटोपतात आणि मी ओसरीवर येऊन बसते. सुजाताचे बाबा पेपर वाचत असतात. परवा त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "तिथं आता किती वाजले असतील?"

"सहा," मी म्हणाले. "उठली असेल."